‘वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू’ : महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील एका उपाधीचा अर्थविचार

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होऊन एप्रिलच्या आरंभी संपतो. आणि तो संपण्याच्या सुमारास त्या वर्षातील श्रेष्ठ खेळाडू कोण, हे निरनिराळ्या संस्था निरनिराळ्या नावांच्या पुरस्कारांनी जाहीर करतात. मूळ इंग्रजी उपाधीचा शब्दशः अर्थ ‘वर्षाचा खेळाडू’ किंवा ‘वर्षाची खेळाडू’ एवढाच आहे. तीत श्रेष्ठतादर्शक विशेषण मुळीच नाही; खेळाडूचा वर्षाशी जोडलेला संबंध आणि त्यामागील निश्चयवाचक उपपद यांतूनच श्रेष्ठता सूचित होते. मराठीत असे उपपद नसल्यामुळे ‘वर्षातील खेळाडू’ असे म्हटले तर त्या वर्षी खेळलेली कोणीही, एवढाच बोध होईल. म्हणून मराठी वृत्तपत्रांनी ‘सर्वोत्कृष्ट’ हा शब्द मध्ये घातला, आणि तो घालणे भागच होते.

परंतु या भरीमुळे अर्थात एक फरक पडतो. ‘उत्कृष्ट’ अनेक जण असू शकतात, ‘सर्वोत्कृष्ट’ एकच. महाराष्ट्र शासनाच्या शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्काराच्या भाषेत ‘उत्कृष्ट खेळाडू’ असा प्रयोग आहे व तो पुरस्कार दर वर्षी अनेक खेळांतील अनेकांना मिळतो. तेथे विशेषणाची निवड अचूक आहे. अमेरिकन पुरस्कारांच्या बाबतीत मात्र मराठी अनुवाद मुळापेक्षा अधिक ठाम होऊन बसतो. सन 2000 मध्ये टेनेसी विद्यापीठाच्या टॅमिका कॅचिंग्सला नेस्मिथ पुरस्कार मिळाला, तर वेड ट्रॉफी टेक्सासच्या एडविना ब्राउनला मिळाली. 2021 मध्येही तसेच घडले : नेस्मिथ पुरस्कार पटकावणारी पेज बेकर्स ही महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षात तो मान मिळविणारी पहिली खेळाडू ठरली, आणि वेड ट्रॉफी बेलर विद्यापीठाच्या नॅलिसा स्मिथकडे गेली. एकाच वर्षी दोन ‘सर्वोत्कृष्ट’ कशा, असा प्रश्न मराठी वाचकाला पडावा. त्याचे उत्तर उपाधीच्या अध्याहृत कर्त्यात आहे. कोणाच्या मते सर्वोत्कृष्ट? नेस्मिथ पुरस्कार अटलांटातील एका क्लबाचा, वुडन पुरस्कार लॉस एंजेलिसमधील एका क्रीडा-क्लबाचा, असोसिएटेड प्रेसचा पुरस्कार पत्रकारांच्या मतांचा, आणि वेड ट्रॉफी महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांच्या संघटनेची. उपाधी वरवर वस्तुस्थितीचे विधान वाटते. वास्तविक ते मतदानाचे फलित होय.

या पुरस्कारांची नावे पाहू गेल्यास उपाधीपेक्षाही अधिक बोलका पुरावा हाती येतो. नेस्मिथ हे 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचा खेळ रचणाऱ्या जेम्स नेस्मिथ यांचे नाव. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजच्या मुलींसाठी तो खेळ योजिला. म्हणजे स्त्रियांचा बास्केटबॉल हा पुरुषांच्या बास्केटबॉलपेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान आहे. पुरस्कारांतील अंतर मात्र एवढे अल्प नाही. असोसिएटेड प्रेसने पुरुष खेळाडूंना हा मान 1961 पासून दिला, स्त्रियांना 1995 पासून. नेस्मिथ पुरस्कार पुरुषांना 1969 पासून, स्त्रियांना 1983 पासून; वुडन पुरस्कार पुरुषांना 1977 पासून आणि स्त्रियांना 2004 पासून. चौतीस, चौदा व सत्तावीस वर्षांची ही अंतरे खेळाच्या वयाची नव्हेत. खेळ पाहणाऱ्यांच्या दृष्टीची आहेत.

वेड ट्रॉफी या सर्वांत वेगळी, कारण ती आरंभापासूनच स्त्रियांसाठी होती आणि तिला नावही स्त्रीचेच आहे. मार्गारेट वेड ही मिसिसिपी राज्यातील डेल्टा स्टेट महाविद्यालयाची खेळाडू. तिच्या विद्यार्थिदशेतच, 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, हा खेळ मुलींच्या शरीराला झेपणारा नाही असे कारण देऊन महाविद्यालयाने मुलींचा संघ बंद केला. खेळाडूंनी निषेध म्हणून आपले गणवेश जाळले. 1973 मध्ये तोच संघ पुन्हा उभा राहिला तेव्हा प्रशिक्षक म्हणून बोलावण्यात आले ते वेडलाच. आणि 1975, 1976 व 1977 अशी लागोपाठ तीन वर्षे त्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. 1978 मध्ये तिच्या नावाची ट्रॉफी सुरू झाली व पहिली मानकरी कॅरल ब्लेझोव्स्की ठरली. वेडची सर्वांत नामवंत शिष्या लुसिया हॅरिस (ऑलिंपिकमधील महिला बास्केटबॉलचे पहिले गुण 1976 मध्ये तिनेच नोंदविले) आदल्याच वर्षी महाविद्यालय सोडून गेली होती, त्यामुळे गुरूच्या नावाचा मान तिच्या वाट्याला आला नाही.

महाराष्ट्रात याच्याशी जवळचे साम्य दाखविणारी नामव्यवस्था बास्केटबॉलमध्ये नसून खो-खोत आढळते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट पुरुष खेळाडूस एकलव्य पुरस्कार व महिला खेळाडूस राणी लक्ष्मीबाई पुरस्कार. कुमार गटात वीर अभिमन्यू व कुमारी गटात जानकी. किशोरांत भरत व किशोरींत इला. राज्य स्पर्धेत राजे संभाजी आणि राणी अहिल्या, तर किशोरींसाठी हिरकणी. यांतील एकाही नावामागे ‘महिला’ हे विशेषण लावावे लागत नाही, कारण विशेषनामच लिंगाचा निर्देश करते. नेस्मिथ वा वुडन पुरस्काराच्या बाबतीत ‘महिलांचा नेस्मिथ’ असे म्हणावे लागते व ‘पुरुषांचा’ हे बहुधा अध्याहृत राहते. खो-खोत दोन्ही बाजू सारख्याच चिन्हांकित आहेत. हा समतोल कोणी जाणीवपूर्वक साधला की वीरपुरुष व वीरस्त्रिया यांच्या जोड्या लावण्याच्या मराठी सवयीतून तो आपोआप आला, हे ठरविणे कठीण आहे. परंतु समतोल आहे हे खरे.

या नावांच्या निवडीत काही मौजही आहे. भारत सरकारचा पुरस्कार 1961 पासून अर्जुनाच्या नावाचा आणि खो-खोपटूंचा एकलव्याच्या नावाचा. म्हणजे ज्याच्यासाठी अंगठा गेला तो आणि ज्याचा गेला तो, असे दोघेही एकाच खेळाडूच्या कपाटात शेजारी-शेजारी नांदू शकतात. अर्जुन पुरस्कार स्त्रियांनाही त्याच नावाने मिळतो. 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या खो-खो संघाची कर्णधार असलेली, धाराशिवची सारिका काळे हिला तो 2020 मध्ये मिळाला. तेथे ‘अर्जुन’ हे नाव व्यक्तिवाचक उरलेले नाही, पदवाचक झाले आहे. म्हणून त्याचे पुल्लिंग कोणाला खटकत नाही. ‘राणी लक्ष्मीबाई पुरस्कार’ एखाद्या पुरुषास दिल्याची कल्पना मात्र अजून भाषेस सोसणार नाही. विशेषनामाचे सामान्यीकरण पुरुषनामांच्या बाबतीत लवकर होते व स्त्रीनामांच्या बाबतीत उशिरा, हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नव्हे.

पुरस्कार मिळविणारीस मराठी काय म्हणते, हेही पाहण्याजोगे आहे. ‘खेळाडू’, ‘कर्णधार’ व ‘-पटू’ अंताचे शब्द दोन्ही लिंगी एकरूप राहतात; लिंग कळते ते ‘ठरला’, ‘ठरली’ या क्रियापदावरून. (‘पटु’ म्हणजे निपुण, तेव्हा मराठीत प्रत्येक बास्केटबॉलपटू नावापुरती तरी आधीच निपुण असते.) ‘विजेता’ व ‘विजेती’ यांत रूपभेद आहे. परंतु वृत्तपत्रांचा आवडता शब्द ‘मानकरी’ हा होय, आणि त्याचा इतिहास या विषयाशी विशेष जुळणारा आहे. गावगाड्यातील मान हा वंशपरंपरेचा. पोळ्याला तोरणाखालून कोणाची बैलजोडी आधी जावी, हे घराणे पाहून ठरे, बैल पाहून नव्हे. मान कुटुंबाचा असे व स्त्रीला तो नवऱ्याच्या द्वारे मिळे. पाटलीण, देशमुखीण या शब्दांतील ‘-ईण’ प्रत्यय अधिकार सांगत नाही, विवाहसंबंध सांगतो. ‘मास्तरीण’ हा शब्द मास्तरांची पत्नी व शिकविणारी स्त्री या दोन अर्थांमध्ये दीर्घकाळ हेलकावे खात राहिला. ‘ती पुरस्काराची मानकरी ठरली’ या वाक्यात ‘मानकरीण’ हे रूप कोणी योजीत नाही, याचे कारण येथे आहे. प्रत्यय टाळून भाषेने कमावलेला मान व लाभलेला मान यांत भेद केला. ‘ठरली’ हे क्रियापदही अर्थपूर्ण आहे : ती जन्मतः मानकरी नव्हती, त्या वर्षापुरती ठरली.

आता ‘वर्ष’ या शब्दाकडे वळले पाहिजे, कारण भारतीय परिस्थितीत उपाधी अडते ती तेथेच. भंडारा शहरासमोर वैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर कारधा आहे. पावसाळ्यात नदीच्या पातळीची बातमी येते ती या पुलाजवळच्या मोजणीवरून, एवढ्यापुरते गावाचे नाव वृत्तपत्रांत वाचनात येते. कारध्याची एखादी विद्यार्थिनी पूल ओलांडून भंडाऱ्याच्या महाविद्यालयात जाते व बास्केटबॉल खेळते, असे समजू. तिचे महाविद्यालय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाच्या संघासाठी निवड, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि संघ तेथे टिकला तर अखिल भारतीय स्पर्धा, असा तिचा मार्ग. यातील प्रत्येक टप्पा थोड्या दिवसांचा असतो. अमेरिकन महाविद्यालयाचा संघ एका हंगामात तीसच्या आसपास सामने खेळतो. तेथे सरासरी काढता येते, पडता काळ व बहराचा काळ पाहता येतो, आणि ‘वर्ष’ या शब्दाला काही आशय प्राप्त होतो. चार-सहा सामन्यांवरून वर्षाचा निवाडा करणे निरर्थक होय. म्हणून येथे ‘स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू’ असते, ‘वर्षातील’ अशी सर्वमान्य उपाधी रुळलेली नाही. विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रातील वर्षभराचा मोठा मान म्हणजे 1956-57 पासूनची मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी. ती विद्यापीठाला मिळते, व्यक्तीला नव्हे.

याचा परिणाम केवळ शब्दांपुरता राहत नाही. महाराष्ट्रात शासकीय सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे व त्याची पात्रता विहित स्पर्धांतील स्थानावरून ठरते. सांघिक खेळात ते स्थान संघाचे असते. दुर्बळ संघातील असामान्य खेळाडू संघाबरोबरच पहिल्या फेरीत बाहेर पडते, आणि तिचे असामान्यत्व नोंदविणारा रकाना कोठे नसतो. अमेरिकेतही नोंदीचा प्रश्न सुटलेला होता असे नाही. कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्डने 1981 पर्यंत 3,649 गुण मिळविले. परंतु राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने स्त्रियांच्या अजिंक्यपद स्पर्धा 1982 पासून हाती घेतल्या, त्यामुळे तिचा विक्रम त्या संघटनेच्या अधिकृत पुस्तकात धरला गेला नाही. आयोवाच्या कॅटलिन क्लार्कने 2024 मध्ये 3,951 गुणांपर्यंत मजल मारली तेव्हा कोठे वुडर्डचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. दरम्यानच्या चार दशकांत वुडर्डच्या श्रेष्ठत्वाची ग्वाही देत राहिली ती 1981 ची वेड ट्रॉफी. आकडा पुस्तकाबाहेर राहिला तरी उपाधी टिकली.

कारध्याच्या खेळाडूला मिळू शकणारी उपाधी वेगळी आहे. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्यास ‘कलर’ मिळतो व तो वा ती ‘कलर होल्डर’ होते. ब्रिटिश विद्यापीठांच्या प्रथेतून आलेल्या या शब्दाचा रंगाशी असलेला संबंध बोलणाऱ्यांच्या मनातून पुसला गेला आहे. अर्जातही ‘कलर होल्डर’ असेच देवनागरीत लिहितात. झाडीबोलीच्या या प्रदेशात ‘खेळाडू’तील ‘ळ’ टिकत नाही, ‘कलर’ मात्र जसाच्या तसा उच्चारला जातो. हा शब्द तमभाव सांगत नाही आणि वर्षाचीही मर्यादा घालीत नाही : एकदा मिळालेला कलर पुढच्या हंगामात दुसऱ्याकडे जात नाही. त्या दृष्टीने तो जुन्या मानाच्या अधिक जवळचा आहे, फक्त वंशाऐवजी निवडीने आलेला. बास्केटबॉलच्या संघात बारा जणी असतात. कलर बाराही जणींना मिळतो, आणि त्या बारांत श्रेष्ठ कोण होती, हे त्या शब्दावरून कळत नाही.