पगाराचा रकाना

सकाळी पावणेसात

पुण्याजवळच्या डांगे चौकातला मजूर अड्डा भरलाय. कुणाच्या हातात थापी, कुणाच्या पिशवीतून डोकावणारा रंगाचा ब्रश, बायकांकडे घमेलं आणि डबा. लातूर, नांदेड, परभणी, यादगीर, कलबुर्गीकडची ही माणसं. निधी मिळवण्याचं काम टेबलावर बसून होतं असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रस्ताव पाठवायचा असतो त्या दिवशी मी मात्र आधी इथे येते. आज संध्याकाळी सहाच्या आत एका कंपनीच्या पोर्टलवर आमच्या संस्थेचा अर्ज चढवायचा आहे.

आमची कार्यकर्ती एका बिगारी बाईशी बोलतेय. बाईला बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवायचंय. त्यासाठी गेल्या वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. अड्ड्यावरच्या माणसाचा मालक रोज वेगळा: आज कुणाकडे प्लास्टर, उद्या कुणाकडे स्लॅब, परवा कुणीच नाही.

"ताई, सही कुणाची आणू? शेठचं नावसुद्धा ठावं नसतं."

कार्यकर्ती वही उघडते. आठवेल तसं एकेक काम लिहून घेते: कुठली सोसायटी, किती दिवस, सोबत कोण होतं, बोलावणारा ठेकेदार कोणत्या गाडीवर यायचा. सोबतच्या एका गवंड्याकडे त्यातल्या एका ठेकेदाराचा नंबर सापडतो. तिथेच फोन लागतो. "सही दिली म्हणजे माझ्यामागे काही लागणार नाही ना?" ही ठेकेदाराची पहिली शंका. दहा मिनिटं समजावल्यावर तो संध्याकाळी साइटवर भेटायला तयार होतो. एवढं होऊन हाती लागले नव्वदातले अकरा दिवस. उरलेल्यांसाठी असंच एकेका माणसाला गाठायचं, नाहीतर महापालिकेच्या दाखल्यासाठी खेटे घालायचे. हेच काम एजंट पैसे घेऊन करून देतात, आणि ते पैसे बाईच्या मजुरीतून जातात.

साडेनऊपर्यंत अड्डा विरळ होतो. ज्यांना कुणी नेलं नाही, ती माणसं भरलेला डबा घेऊन घरी परततात.

सकाळी दहा

ऑफिस. कागदपत्रांचा गठ्ठा: नोंदणी प्रमाणपत्र, १२ए, ८०जी, दर्पणचा नंबर, सीएसआर-१, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, विश्वस्त मंडळाचा ठराव, रद्द केलेला चेक. हे सगळं तयारच असतं, असावंच लागतं. पोर्टलवर एका फाइलला दोन एमबीची मर्यादा आहे, म्हणून अकाउंटंट ताळेबंद पुन्हा स्कॅन करतोय.

परदेशी निधीचा रस्ता आमच्यासारख्या लहान संस्थांना जवळपास बंदच आहे. पूर्वी मोठ्या संस्था परदेशातून आलेल्या पैशातला वाटा लहान संस्थांना देत. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने दुसरीला असा निधी देण्यावर बंदी आली. उरतात देणगीदार आणि कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी, म्हणजे सीएसआर.

सकाळी अकरा

'समस्या दोनशे शब्दांत मांडा.' हा रकाना मी सगळ्यात सावकाश भरते.

सीएसआरचा पैसा कशावर खर्चता येतो याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे, आणि तिच्या पहिल्याच बाबीत दारिद्र्य निर्मूलन आहे. पण दारिद्र्य म्हटलं की कंपनीच्या सीएसआर समितीतल्या लोकांच्या डोळ्यांपुढे बेकार माणूस येतो. आमची माणसं बेकार नाहीत. म्हणून समितीला एक हिशेब दाखवावा लागतो. समजा, हजेरी सातशे रुपये आणि महिन्यात पंधरा दिवस काम. हातात आले साडेदहा हजार. खोलीभाडं चार हजार, किराणा-गॅस पाच हजार, गावाकडे म्हाताऱ्यांना हजार. उरले पाचशे. मुलाला ताप आला की ते संपले आणि उधारी सुरू. पहाटे पाचला उठून राबणाऱ्या माणसाचा हा हिशेब आहे. त्याला आळशी म्हणायची, 'मेहनत करा' म्हणून सांगायची कुणाची छाती आहे?

पुढचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या माणसांसाठी पैसा आधीच गोळा झालेला आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर आणला; महाराष्ट्रात तो एक टक्का आहे. त्यातून मंडळ नोंदीत कामगाराच्या मुलांना शिष्यवृत्ती देतं. पहिली ते सातवीला वर्षाला अडीच हजार आणि आठवी ते दहावीला पाच हजार. कामावर मृत्यू झाला तर घरच्यांना पाच लाखांचं साहाय्य आहे. पुण्यात उभी राहणारी प्रत्येक मोठी इमारत हा उपकर भरते. स्लॅब ओतणाऱ्या बाईपर्यंत तो पोचत नाही, कारण मध्ये नव्वद दिवसांचा कागद आहे. आम्ही तो कागद मिळवून देतो. आमचा प्रकल्प एवढाच आहे.

दुपारी साडेबारा

अंदाजपत्रक. एक्सेलमध्ये पहिली ओळ: क्षेत्र कार्यकर्त्या, चार. ही ओळ लिहिली की कुठून ना कुठून प्रश्न येणार हे ठरलेलं. टॅबलेट, शिबिर, बॅनर, टी-शर्ट यांवर कुणी बोट ठेवत नाही. पगारावर ठेवतात. 'व्यवस्थापन खर्च पाच टक्क्यांच्या वर नको, नियम आहे,' असं सांगतात.

नियम आहे, पण तो संस्थेसाठी नाही. २०२१ मध्ये सुधारलेल्या सीएसआर नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला लागते. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्यात धरायचाच नाही, असं व्याख्येतच म्हटलंय. सकाळी अड्ड्यावर वही घेऊन बसलेली कार्यकर्ती ही अंमलबजावणी आहे. आमच्याकडे वाटायला वस्तू नाहीत; तिचं तिथे उभं राहणं हेच आमचं काम. तिचा पगार खोडला तर प्रकल्पात टी-शर्ट उरतील.

आणि तिला द्यायचा पगार किमान वेतनापेक्षा कमी दाखवून बजेट स्वस्त करायचं, हे मी करत नाही. कष्टकऱ्यांची गरिबी हटवायला निघालेल्या संस्थेने स्वतःच्या कार्यकर्तीला महिनाअखेरीस उधारीवर ठेवायचं, याला काही अर्थ नाही.

दुपारी अडीच

कंपनीच्या सीएसआर अधिकाऱ्यांबरोबर व्हिडिओ कॉल. माणूस सज्जन आहे, त्यांनी प्रस्तावाचा मसुदा खरोखर वाचलाय.

"मॅडम, यात स्किल ट्रेनिंग का नाही? दोनशे जणांना सर्टिफिकेट दिलं तर बोर्डाला दाखवता येतं."

"सर, यांतला गवंडी वीस वर्षं भिंती बांधतोय. त्याला काम येतं. कामाची नोंद नाही."

"आणि लाभार्थी पाचशेच? दुसऱ्या संस्था पाच हजार लिहितात."

एका शिबिरात पाच हजार अर्ज भरून घेता येतात, हे मी त्यांना सांगते. त्यांतले मंजूर किती झाले, शिष्यवृत्ती कितींच्या खात्यात आली, नोंदणीचं नूतनीकरण कितींनी केलं, हे त्या संस्थांना विचारा. आम्ही पाचशे लिहितो तेव्हा पाचशे घरांपर्यंत पैसे पोचवायची जबाबदारी घेतो.

मग मुदतीचं बोलणं. त्यांना ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचाय, आमचं काम एका वर्षात संपणारं नाही. कायद्यात सोय आहे: 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवता येतो. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवायची असते. त्यांनाही हे माहीत आहे. "समितीला पटवावं लागेल," ते म्हणतात. मी म्हणते, समितीतल्या एकाला सकाळी पावणेसातला अड्ड्यावर पाठवा, चहा आमच्याकडे.

संध्याकाळी साडेपाच

अर्ज चढला. लाभार्थी पाचशे, कार्यकर्त्या चार, मुदत तीन वर्षं. एकही आकडा बदललेला नाही.

संध्याकाळी सात

वस्तीतली बैठक. सकाळची बाई आलीये, ठेकेदाराच्या सहीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. अकरा दिवसांचा. कार्यकर्ती तो वहीला टाचते आणि उरलेल्या दिवसांची यादी पुन्हा वाचायला लागते. नव्या तीन बायका आल्यात, त्यांच्याकडे आधार आहे, बँक पासबुक नाही. उद्या बँकेत जायचं ठरतं.

हे वाचणाऱ्यांत कुणी एखाद्या कंपनीच्या सीएसआर समितीवर असेल, कुणी घरच्या ट्रस्टमधून देणग्या देत असेल. त्यांना माझं एकच मागणं आहे. पुढचा प्रस्ताव समोर येईल तेव्हा पगाराचा रकाना खोडू नका. तो पुरेसा आहे का, ते विचारा, आणि निदान तीन वर्षांसाठी मंजूर करा.