दुसरा प्रोसेसर आला की कोसळणारा ड्रायव्हर

एका प्रोसेसरवर बिनतक्रार चालणारा डिस्क ड्रायव्हर दोन प्रोसेसरांच्या लिनक्स यंत्रावर का कोसळतो? एकच प्रोसेसर असताना इंटरप्ट बंद केले की भागायचे. दोन असले की एकाने इंटरप्ट बंद करूनही दुसरा ड्रायव्हरच्या त्याच विनंती-रांगेतल्या नोंदी बदलू शकतो. तिथे स्पिनलॉकचे कुलूप हवेच.

१९९६ च्या २.० आवृत्तीत लिनक्सला बहुप्रोसेसर आधार मिळाला, तेव्हा साऱ्या कर्नलला एकच मोठे कुलूप होते. सुरक्षित, पण संथ. पुढे बारीक कुलपे आली. वेग वाढला, चुकांच्या जागाही वाढल्या.

तपासासाठी आधी यंत्र ‘मॅक्ससीपीयूज=१’ हा पर्याय देऊन सुरू करावे. क्रॅश थांबला तर संशय कुलपांवर. नाही तर केबल, मेमरी, डिस्क तपासावी. कुलपांचा चुकीचा क्रम पकडणारे ‘लॉकडेप’ २००६ पासून कर्नलमध्येच आहे. चाचणीच्या यंत्रावर ते जरूर चालू ठेवा.