दुधांतील स्निग्धांश आणि एक जनुक

एकाच दावणीस बांधलेल्या दोन गायी एकच वैरण खातात. परंतु एकीच्या दुधास फॅट चांगलें लागतें आणि दुसरीचें दूध पातळ निघतें, हा अनुभव पुष्कळांस आहे. दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरत असल्यामुळें या फरकाची झळ थेट शेतकर्‍याच्या पदरास लागते. त्याचें एक महत्त्वाचें कारण रेणुजीवशास्त्राच्या संशोधनानें उघड झालें आहे. तें येथें थोडक्यांत देत आहों.

दुधांतील बहुतेक सर्व स्निग्धांश ट्रायग्लिसराइड या रूपांत असतो. ग्लिसरीनच्या एका कण्यास मेदाम्लांचे तीन पदर जोडले म्हणजे हा पदार्थ तयार होतो. त्यांपैकीं तिसरा व शेवटचा पदर जोडण्याचें काम कासेंतील पेशींत जें एन्झाइम करतें, त्यास डीजीएटी-१ म्हणतात. सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधक रॉबर्ट फरीस व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं हें एन्झाइम घडविणारें जनुक शोधून काढलें. पुढें २००० सालीं हें जनुक बंद पाडलेल्या उंदरांची हकीकत प्रसिद्ध झाली. ते उंदीर स्निग्ध खाद्य देऊनहि लठ्ठ झाले नाहींत; आणि विशेष हें कीं, त्यांतील व्यालेल्या माद्यांस दूध उतरलें नाहीं.

ही गोष्ट गोपालनास फार उपयोगी पडली. गायीच्या चौदाव्या गुणसूत्रावर स्निग्धांश कमीजास्त करणारें कांहीं तरी आहे, एवढें पूर्वींच ठाऊक होतें. उंदरांवरील अनुभवामुळें संशोधकांची दृष्टि या जनुकाकडे वळली. बेल्जममधील लिएज येथील मिशेल जॉर्ज व त्यांचे सहकारी यांनीं, तसेंच जर्मनींतील संशोधकांनीं, २००२ सालीं या जनुकाचीं दोन रूपें दाखवून दिलीं. सातबाराच्या उतार्‍यांत दोन अक्षरें बदललीं तर धनी बदलतो; तद्वत् येथें जनुकांतील दोनच अक्षरें बदलल्यानें एन्झाइमाच्या माळेंत २३२ व्या जागीं लायसीनऐवजीं अलानीन येतें. लायसीनचें रूप असलेल्या गायीच्या दुधांत स्निग्धांश अधिक असतो, पण दूध मापानें कमी भरतें; अलानीनच्या रूपाचा परिणाम याच्या उलट होतो.

वासरास या जनुकाची एक प्रत गायीकडून व एक वळूकडून मिळते. भारतीय गायींच्या व म्हशींच्या ज्या जाती तपासल्या, त्यांत लायसीनचेंच रूप आढळल्याचें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. होल्स्टीन जातींत मात्र दोन्ही रूपें आहेत. म्हणून देशी गायीस होल्स्टीन वळूचें रेतन केलें असतां वासरास आईकडून लायसीनची प्रत मिळते. बापाकडून कोणती येईल, हें त्या वळूवर अवलंबून राहतें. पिढ्यान्पिढ्या तसेच वळू लावीत गेल्यास घरचें मूळ रूप नाहींसें होण्याचा संभव असतो.

यावरून सर्व दोष जनुकाच्या माथीं मारणेंहि योग्य नव्हे. वाळली वैरण कमी व खुराक फार झाला तरी फॅट उतरतें; वेताचा काळ व धारेची वेळ यांचाहि परिणाम होतो. तेव्हां गाय विकण्यापूर्वीं गव्हाण तपासावी. तसेंच फॅट कमी लागलें एवढ्यावरूनच दुधांत पाणी घातल्याचा वहीम घेणेंहि रास्त नाहीं.

हिशेब मात्र नीट मांडावा. ३ टक्के फॅटचें १२ किलो दूध ३६० ग्रॅम स्निग्धांश देतें. ४ टक्क्यांचें १० किलो दूध ४०० ग्रॅम देतें. वळू निवडतांना त्याच्या कालवडींनीं दूध किती दिलें हें आपण विचारतों. त्याबरोबर त्या दुधास फॅट किती लागलें, हेंहि विचारावें, आणि दोन्ही आंकडे आपल्या वहींत टिपून ठेवावेत. एकदां केलेल्या रेतनाचें फळ गोठ्यांत पुढें अनेक वेतें राहतें, हें शेतकरी बंधूंनीं विसरूं नये.