मुंबईत जेवणार कुठे?

श्रोते मंडळी, गावातला तरुण मुलगा नोकरीसाठी मुंबईला निघाला की बाप विचारतो, ‘पगार किती मिळणार?’ आणि आई विचारते, ‘जेवणार कुठे?’ बापाला आकडा सांगून भागते. आईचे समाधान करायचे तर मुंबईतली एक जुनी संस्था समजून घ्यावी लागते. तिचे नाव खाणावळ. परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागांत घरापासून दूर राहिलेल्या तरुणांच्या कितीतरी पिढ्या तिने जगवल्या. ती चालायची कशी, त्या पोरांचे प्रेम आणि ऋतू तिच्यात कसे सामावले होते, आणि तिचा भार नेमका कुणाच्या डोक्यावर होता, हे आज आपण पाहू.

मुंबईत कापडाची पहिली गिरणी काढणारी कंपनी ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली, आणि १८५६ साली ती गिरणी चालू झाली. पुढे भायखळ्यापासून लालबाग, परळ, दादरपर्यंत गिरण्यांची चिमणीच चिमणी उभी राहिली. लोक या भागाला गिरणगाव म्हणू लागले. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून तरुण मुले येऊ लागली, आणि बहुतेक एकटीच आली. पगारात सगळे कुटुंब मुंबईत पोसणे कठीण, गावाकडची जमीन सांभाळायला कुणीतरी हवे, आणि मुंबईत खोली मिळणे तर त्याहून कठीण. मग एका गावची माणसे मिळून चाळीतली एक खोली घेत. एकेका लहान खोलीत पंधरा-वीस जण. प्रत्येकाच्या मालकीची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून खोलीही तीन पाळ्यांत चाले. रातपाळीचा माणूस येऊन आडवा होई, तेव्हा दिवसपाळीचा उठून गेलेला असे.

आता अशा खोलीत चूल कुठे मांडणार? म्हणून शेजारच्याच चाळीत कुणी एक बाई दहा, पंधरा, वीस जणांना दोन वेळा जेवू घाली. पोरे तिला मावशी म्हणत, कुणी वहिनी म्हणत. पैसे महिन्याचे, पगार झाल्यावर द्यायचे. गावाला गेलात तर तेवढ्या दिवसांचा खाडा धरायचा, म्हणजे ते पैसे वजा. लेखी करार नाही, पावती नाही. गिरगावातही खाणावळी होत्या. तिथे कचेरीतले कारकून आणि कॉलेजात शिकणारी मुले जेवत. रीत थोडी निराळी, पण गरज तीच.

खाणावळ निवडताना पोरगा आधी हात कुणाचा ते पाही. कोकणातल्या मुलाला भात आणि माशाचे कालवण हवे. घाटावरच्या मुलाला भाकरी आणि झणझणीत रस्सा हवा. म्हणून कोकणी बाईकडे कोकणी आणि साताऱ्याच्या बाईकडे सातारी, अशा पंगती आपोआप जमत. लालबागच्या मसाला बाजारात उन्हाळाभर मिरच्या-मसाल्यांची झुंबड उडते, ती आजही. पावसाच्या आत वर्षाचा मसाला कुटून डब्यात भरून ठेवायचा, ही गावाकडची रीत तिथे गिरण्यांच्या भोंग्यांखाली टिकून राहिली.

आता ऋतूंचे पाहा. गावात मृग लागला की शेत सांगते. गिरणगावात ते कोण सांगणार? उन्हाळ्यात निम्मी खोली रात्री बाहेर, गॅलरीत, गच्चीवर, नाहीतर फुटपाथवर झोपे. पहिला पाऊस पडला की सगळे एकदम आत, आणि मग कूस बदलायलासुद्धा जागा नाही. परळचा हिंदमाताकडचा भाग सखल. तिथे पाणी भरले की पाळीवर जाणारा माणूस विजार गुडघ्यावर घेऊन निघे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागत. ताजा मासा महाग होई, आणि ताटात सुकट, सुके बोंबील, नाहीतर कुळथाची पिठी येई. श्रावणात कित्येक जण मांसमच्छी सोडत. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा कालवणाचा वास जिन्यात यायचा. आणि गणपती जवळ आले की कोकणातली पोरे गावाला पळत. शिमग्याला तसेच, मे महिन्यातल्या लग्नसराईत तसेच. गिरणगावातला ऋतू असा पंगतीतल्या रिकाम्या पाटांवरून ओळखायचा.

प्रेमाचे काय, असे आमचे तरुण श्रोते विचारतील. तेही सांगतो. पुष्कळांची लग्ने गावातच ठरत. पंधरा दिवसांच्या रजेत लग्न उरके, नवरी सासरी राही आणि नवरा परत साच्यावर. मग उरे टपाल. आपल्याकडे मनीऑर्डरची सोय टपालखात्याने १८८० साली सुरू केली. तिच्या फॉर्मवर चार शब्द मजकुराला थोडी जागा असे. त्या जागेत नवीन लग्न झालेल्या मुलाने काय लिहावे? घरात वाचता येणारे कुणी नसले तर मजकूर वाचून दाखवणार पोस्टमन, नाहीतर शाळेचे गुरुजी, आणि ऐकायला सासू-सासरे पुढ्यात बसलेले! शिक्षक मंडळींनी हे ध्यानात घ्यावे, की आपल्या आधीच्या पिढीतल्या गुरुजींनी अशी कितीतरी प्रेमपत्रे वाचली, पण त्यांत प्रेम हा शब्द नव्हता. त्यांत असे, ‘तब्येतीस जपणे. खोकल्याचे औषध चालू ठेवणे. गणपतीला येतो.’ ज्याला ऐकायचे त्याला ते ऐकू जाई.

या ताटातुटीला शाहीर अण्णाभाऊ साठे यांनी शब्द दिले. सांगली भागातल्या वाटेगावातून मुंबईला आलेले अण्णाभाऊ गिरणीत राबलेले होते. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजली. गावी राहिलेल्या कारभारणीच्या विरहातून त्यांनी महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाची व्यथा मांडली. ऐकणाऱ्याला ती लगेच उमजली, कारण ज्याच्या त्याच्या ट्रंकेत एक मनीऑर्डरची पावती होतीच.

मुंबईतच मन जुळलेल्यांना निराळीच अडचण. चाळीत एकांत नाही. गॅलरीतून साऱ्या मजल्याचे लक्ष. मग गिरगावची नाहीतर दादरची चौपाटी, आणि दोघांत एक भेळ. लग्न झाल्यावरही त्याच खोलीत एक पडदा लावून संसार मांडायचा.

आता त्या मावशीकडे वळू. ती या धंद्यात का आली? १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे जवळजवळ एक बाई होती. बायकांना रातपाळीची मनाई झाली, सूत गुंडाळण्याच्या खात्यांत नवी यंत्रे आली, कपात झाली, आणि बायका गिरणीबाहेर पडल्या. कुणाचा नवरा आजारी, कुणाचा दारूत बुडालेला, कुणी विधवा. हातात एकच कसब, स्वयंपाकाचे.

तिचा हिशेब मांडून पाहा. पंधरा माणसे, दोन वेळा, तीस दिवस, म्हणजे महिन्याला नऊशे ताटे. ही नऊशे ताटे वाढून झाल्यावर मग पगार होणार आणि पहिला रुपया तिच्या हातात पडणार. तोवर तांदूळ, डाळ, तेल, कोळसा सगळे वाण्याकडून उधारीवर. उधारीचा माल महाग, त्यातून निभले नाही तर सावकाराचे व्याज, आणि तेही नाही तर मंगळसूत्र गहाण. पंगतीत एखादा बदली कामगार असला, तर त्याला रोज काम मिळेलच असे नाही; पण भूक रोज लागणार. पोरे गणपतीला गेली की खाड्याचे पैसे वजा, पण खोलीचे भाडे काही वजा होत नाही. कामगाराने थोड्या मजुरीत दिवस काढले ते या बाईच्या उधारीवर. आणि बाई काय करते असे कुणी विचारले, तर घरचे म्हणत, ‘काही नाही, घरीच असते.’

हे चित्र प्रेमाताई पुरव यांनी बदलायचे ठरवले. गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या या कार्यकर्त्या गिरणगावात कामगारांत काम करीत होत्या. १९७५ साली त्यांनी खाणावळ चालवणाऱ्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. मग बँकेचे कर्ज या बायकांना का नको, असा त्यांचा साधा प्रश्न होता. तारण ठेवायला बायकांकडे काही नव्हते. म्हणून त्यांचे गट केले आणि एकीने दुसरीची हमी घेतली. कर्ज मिळाले, आणि बायकांनी ते फेडले. वाण्याची उधारी सुटली, माल रोखीने आला, गहाण पडलेला दागिना परत गळ्यात आला. याहून मोठी गोष्ट म्हणजे बँकेच्या कागदावर त्यांचा धंदा धंदा म्हणून लिहिला गेला.

पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगार थांबले, आणि पगारावर चालणारी पंगत अडचणीत आली. तरी कित्येक बायकांनी पोरांना उधारीवर जेवू घातले. काही पोरे गावाला गेली ती परतली नाहीत, आणि त्यांची बाकी वहीतच राहिली. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. आज त्या जागांवर टोलेजंग इमारती, कचेऱ्या आणि मॉल उभे आहेत.

पण तरुण मुलांचे मुंबईला येणे थांबलेले नाही. आता मुलीही येतात. तिघी-चौघी मिळून एक खोली घेतात. दादरला पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या नेतात, नाहीतर फोनवरून जेवण मागवतात, आणि ते आणून देणारा मुलगाही कुठल्यातरी गावाहूनच आलेला असतो. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाल्यापासून गाव जवळ आले आहे. मनीऑर्डरच्या चार शब्दांची जागा फोनने घेतली आहे. पूर्वी आई विचारायची, ‘जेवलास का?’ आता ती फोनवर ताटच पाहते. ताट कुणी रांधले ते मात्र तिला तिथे दिसत नाही.

म्हणून शिक्षक मंडळींना एक विनंती. शाळेतली मोठी मुले लवकरच गाव सोडतील. त्यांना गणिताच्या तासाला नऊशे ताटांचा हिशेब एकदा घालून पाहा. भात, वरण आणि एक भाजी मुलींइतकीच मुलांनाही करता यावी, हे पाहा. आणि पालकांनो, मुलगा मुंबईला निघाला की त्याला एवढे सांगा: ‘जिच्या हातचे खाशील तिचे पैसे पगाराच्या दिवशीच दे. खाडा धरायचा असेल तर आधी सांग.’ यात मुलाचे काही जात नाही, आणि त्या माऊलीचा महिना सुरळीत जातो.