नैराश्य आणि मनाची कार्यकारी क्रिया

यावल तालुक्यातील एखाद्या खेड्यातून पहाटेच्या एस.टी.ने जळगावच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. तास, प्रयोगवही, परतल्यावर केळीच्या बागेतील पाण्याची पाळी आणि रात्रीचे वाचन यांचा मेळ त्यास रोज घालावयाचा असतो. यांतील प्रत्येक काम त्यास येते. प्रश्न असतो तो कामांचा क्रम लावण्याचा, एक सोडून दुसरे धरण्याचा व भलत्या वेळची ओढ आवरण्याचा. मनाच्या या नियामक सामर्थ्यास कार्यकारी क्रिया म्हणतात.

मियाके व त्यांचे सहकारी यांनी २००० साली तिचे तीन घटक वेगळे करून दाखविले: अवधान पालटणे, कार्यस्मृती अद्ययावत ठेवणे व सवयीचा प्रतिसाद रोखणे. त्यांचे प्रयुक्तही विद्यापीठातील विद्यार्थीच होते. तिसऱ्या घटकाची कसोटी स्ट्रूप यांनी १९३५ मध्येच दिली होती. ‘हिरवा’ हा शब्द तांबड्या शाईत छापून शाईचा रंग विचारला की वाचनाची सवय आड येते. (प्रयुक्त मराठी अस्खलित वाचणारा नसेल तर हा अडथळा क्षीण होतो, हे आपल्याकडील संशोधकाने विसरू नये.)

नैराश्यात या तिन्ही घटकांत उणीव आढळते, असे स्नायडर यांनी २०१३ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दाखविले. विचाराची गती मंदावते, एवढ्यानेच या उणिवेचा उलगडा होत नाही. घरी मात्र तिला ‘आळस’ हेच नाव मिळते. आणि दुःखाची गोष्ट अशी की, विद्यार्थीही ते मान्य करतो.

येथेच मापनाचा खरा पेच आहे. विद्यार्थ्याने स्वतःविषयी भरलेली प्रश्नावली आणि प्रत्यक्ष कसोटी यांचा परस्परसंबंध क्षीण असतो. नैराश्यग्रस्त मन स्वतःस कमी लेखते. म्हणून दोन्ही गोष्टी प्रश्नावलीनेच मोजल्यास सहसंबंध फुगण्याची भीती राहते. तो खरा निघाला तरी आधी काय बिघडले, हे एका बैठकीतील मापनाने कळत नाही. त्यासाठी तेच विद्यार्थी सत्रारंभी व सत्रान्ती तपासावयास हवेत.

अध्यापकास तोवर थांबण्याचे कारण नाही. मोठा स्वाध्याय तुकड्यांनी, प्रत्येकास वेगळी तारीख देऊन सांगता येतो. त्यामुळे नियोजनाचा काही भार विद्यार्थ्याच्या मनावरून उतरतो. मूळ नैराश्यावर मात्र उपचारच हवेत. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.