शॉपस्मिथला जोडण्या लावताना

गेल्या आठवड्यात इथे ओहायोत एका मित्राने गराज सेलमधून जुनं शॉपस्मिथ मार्क ५ उचललं. रात्री त्याचा फोन, "अरे, खोकंभर सामान आलंय, यातलं काय कुठे लावायचं?" म्हणून ही पोस्ट.

हान्स गोल्डश्मिट यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत शॉपस्मिथ हे यंत्र काढलं. मोटर एकच, पण टेबल सॉ, लेथ, सँडिंग डिस्क, उभं ड्रिल आणि आडवं ड्रिल अशी पाच कामं.

खरी मेख शाफ्टमध्ये आहे. तो ५/८ इंची, आणि त्याची एक बाजू चपटी घासलेली. प्रत्येक जोडणीत एक छोटा स्क्रू असतो. ॲलन कीने आवळताना त्याचं टोक त्या चपट्या भागावरच बसायला हवं. गोल भागावर आवळलंत तर शाफ्टवर ओरखडा उठतो आणि पुढची जोडणी चढता चढत नाही.

बँडसॉ किंवा जॉइंटर हेडस्टॉकच्या (मोटर असलेल्या भागाच्या) दुसऱ्या बाजूला लागतो, कपलरने. दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत ना, हे हाताने फिरवून बघा. प्लग अर्थातच काढलेला!

वेगाची चकती मात्र मशीन चालू असतानाच फिरवायची. बंद असताना जोर लावलात तर आतली यंत्रणा बिघडते. बंद करण्याआधी वेग कमी करून ठेवा.

कुणाकडे असं मशीन असेल तर फोटो टाका. काही अडलं तर खुशाल विचारा.