रिकाम्या यंत्राची वीज : डेटा सेंटरातील ऊर्जाव्यय आणि आभासी यंत्रे

यंत्र काम करीत नसेल तर त्याला ऊर्जा लागू नये, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. विहिरीवरील पंप थांबला की त्याची वीजही थांबते. डेटा सेंटरात हजारोंच्या संख्येने मांडलेल्या सर्व्हर नावाच्या संगणकांना मात्र हा न्याय लागू पडत नाही. लुइस बारोसो आणि उर्स होल्झले यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात गूगलच्या पाच हजारांहून अधिक सर्व्हरांचे सहा महिन्यांचे निरीक्षण दिले आहे. हे सर्व्हर बहुतेक काळ आपल्या क्षमतेच्या दहा ते पन्नास टक्केच काम करीत होते. त्याच लेखात असेही दाखविले आहे, की त्या काळचा चांगला सर्व्हरदेखील जवळजवळ काहीच काम करीत नसताना पूर्ण भाराच्या सुमारे निम्मी वीज घेत असे. स्मृतीतील माहिती टिकविण्यासाठी तिला सतत विद्युत्पुरवठा लागतो, तबकड्या व पंखे फिरत राहतात, आणि वीजपुरवठ्याच्या साधनात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ही सर्व त्यामागील कारणे होत.

सर्व्हर इतके रिकामे राहण्याचे कारण व्यवस्थेत होते. १९९० नंतर सर्व्हर स्वस्त झाले आणि प्रत्येक कामास स्वतंत्र यंत्र देण्याची पद्धत रूढ झाली. टपालाचे एक यंत्र, हिशेबाचे दुसरे, ग्राहकांच्या नोंदींचे तिसरे. एका कामातील बिघाडाने दुसरे काम बंद पडू नये, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु प्रत्येक यंत्र त्याच्या कामाच्या कमाल भाराचा अंदाज घेऊन खरेदी केलेले असल्यामुळे एरवी ते बहुतांशी रिकामे राहत असे.

या प्रश्नावरील उपाय मात्र जुनाच होता. १९६० नंतरच्या दशकात परिस्थिती नेमकी उलट होती: यंत्र अत्यंत महाग आणि ते वापरू इच्छिणारे अनेक. अमेरिकेतील केंब्रिज येथील आय. बी. एम. कंपनीच्या संशोधन केंद्रात १९६७ च्या सुमारास सीपी-६७ ही प्रणाली सिद्ध झाली. सिस्टिम ३६० मालिकेतील एकच संगणक प्रत्येक वापरकर्त्यास संपूर्णपणे आपलाच आहे असे भासावे, अशी तिची रचना होती. या भासमान संगणकास ‘आभासी यंत्र’ म्हणतात. खऱ्या यंत्राचा ताबा एका नियंत्रक आज्ञावलीकडे असतो. आभासी यंत्रातील सामान्य आज्ञा थेट प्रक्रियकावर चालतात. यंत्राच्या सामाईक साधनांस हात घालणारी आज्ञा आली की ती अडवून नियंत्रक तिची पूर्तता स्वतः करतो. अशी अडवणूक कोणत्या प्रकारच्या प्रक्रियकावर निश्चितपणे करता येते, याची तात्त्विक अट जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडली.

पुढे सर्वत्र पसरलेले इंटेल पद्धतीचे प्रक्रियक ही अट पूर्ण करीत नव्हते. त्यांतील काही आज्ञा नियंत्रकाच्या नकळत निसटून जात. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा चालण्यापूर्वीच त्यांचे सुरक्षित आज्ञांत रूपांतर करण्याची युक्ती योजिली. २००५ व २००६ मध्ये इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी प्रक्रियकांतच आवश्यक ती सोय केली. याच सुमारास आणखी एक सिद्धी प्राप्त झाली. चालू असलेले आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविता येऊ लागले. काम चालू असतानाच स्मृतीची प्रत पाठविली जाते, दरम्यान बदललेला भाग पुनःपुन्हा पाठविला जातो, आणि अखेरीस क्षणभर थांबून उरलेले हस्तांतर पुरे केले जाते. केंब्रिज विद्यापीठात विकसित झालेल्या झेन प्रणालीवरील २००५ च्या प्रयोगांत हा खंड ६० मिलिसेकंदांपर्यंत खाली आला होता.

ऊर्जेच्या दृष्टीने याचा अर्थ एका कल्पित हिशेबावरून स्पष्ट होईल. दहा सर्व्हर आहेत. प्रत्येक रिकामा असता २०० वॉट व पूर्ण भारास ४०० वॉट घेतो. प्रत्येकावर दहा टक्के काम असेल तर प्रत्येकी २२० याप्रमाणे एकूण २,२०० वॉट लागतील. तेच काम आभासी यंत्रांच्या रूपाने दोन सर्व्हरांवर एकवटले, तर प्रत्येकावर पन्नास टक्के भार येऊन एकूण केवळ ६०० वॉट पुरतील. नियंत्रकाचा स्वतःचा अल्प भार येथे वगळला आहे. परंतु ही बचत एका अटीवर अवलंबून आहे: मोकळे झालेले आठ सर्व्हर खरोखर बंद केले पाहिजेत. ते ‘असू द्यावेत’ म्हणून चालू ठेवल्यास १,६०० वॉट पूर्ववत जळत राहतील आणि बचत संपूर्णपणे नाहीशी होईल. आभासीकरण वीज वाचवीत नाही. ते यंत्र बंद करण्याची संधी देते.

येथे मापनाचाही एक धोका संभवतो. ग्रीन ग्रिड या संघटनेने २००७ पासून प्रचारात आणलेले पी. यू. ई. हे गुणोत्तर केंद्राच्या एकूण विजेस संगणकांच्या विजेने भागून काढतात. वरील उदाहरणात शीतन व वितरणास प्रथम १,१०० वॉट लागत होते असे मानल्यास गुणोत्तर १.५ येते. एकत्रीकरणानंतर शीतनाचा खर्च ६०० वॉटपर्यंतच उतरला, कारण त्याचा काही भाग स्थिर असतो, तर गुणोत्तर २ होते. एकूण वीज ३,३०० वॉटांवरून १,२०० वॉटांवर आली, तरी मापदंड मात्र केंद्राची अधोगती दाखवितो. केवळ या आकड्यावर दृष्टी ठेवणारा व्यवस्थापक सर्व्हर बंद करण्यास कचरेल. मुंबई-नवी मुंबईसारख्या दमट व उष्ण प्रदेशात, जेथे बाहेरच्या थंड हवेचा लाभ मर्यादित आणि शीतनाचा भार मोठा, हा विवेक विशेष आवश्यक आहे. भारतातील डेटा सेंटरांच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा याच परिसरात आहे.

या उपायांचे सामर्थ्य आकड्यांनी सिद्ध केले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००७ च्या अहवालानुसार त्या देशातील डेटा सेंटरांनी २००६ मध्ये सुमारे ६१ अब्ज युनिट वीज वापरली होती, आणि तोच कल राहिल्यास २०११ पर्यंत ती १०० अब्जांवर जाईल असे भाकीत होते. प्रत्यक्षात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अहवालात २०१४ ते २०१६ या काळातील वापर ६० अब्जांच्या आसपासच आढळतो. आभासीकरण, विशाल केंद्रांत झालेले एकत्रीकरण, सुधारलेले शीतन आणि रिकामेपणी कमी वीज घेणारे नवे सर्व्हर, या सर्वांचा तो संयुक्त परिणाम होता.

तथापि त्याच अहवालानुसार २०२३ मध्ये हा वापर १७६ अब्ज युनिटांवर, म्हणजे देशाच्या एकूण विजेच्या ४.४ टक्क्यांवर पोचला. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारे वेगवर्धक सर्व्हर हे या वाढीचे एक प्रमुख कारण होय. मोठी प्रतिमाने शिकविण्याच्या कामात ही यंत्रे दीर्घकाळ जवळजवळ पूर्ण भाराने चालतात. पूर्वीचे दशक ज्या रिकामेपणातील उधळपट्टी वेचून निभावले, तो साठा येथे अल्प आहे. यापुढे यंत्राकडून किती काम करून घेतले, या प्रश्नाबरोबरच ते काम मुळात करावयास हवे होते काय, हाही प्रश्न ऊर्जा-व्यवस्थापनाच्या कक्षेत येतो.